लोणीकाकांची गाडी अडखळते

लोणीकाकांना हे नाव त्यांच्या बसमधल्या बायकांनी ठेवलं. सगळं आयुष्य शहराची बस चालवली या माणसाने, आणि त्यांच्या बसमध्ये उभ्या बाईला कधी दांडा घट्ट धरावा लागला नाही. ब्रेक लागलाय हे कळायचंच नाही. थांबा आला की बस डुलकी लागल्यासारखी हळूच थांबायची. बँकेतली एक बाई रोज सकाळी त्या बसमध्ये उभ्याने लिपस्टिक लावायची, आणि ती एकदाही गालावर गेली नाही. तीच म्हणाली, हे बस चालवत नाहीत, लोणी लावतात. झालं. नाव डेपोत पोचलं, गल्लीत पोचलं, शेवटी घरातही आलं. फक्त काकूंना ते मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं, लोणी काय ते बसमध्ये, घरी येतो तो दगड.

आता अशा माणसाच्या गाडीला हिसके बसायला लागले, तर त्याच्या जिवाचं काय होईल सांगा बरं.

गाडी म्हणजे खरी नव्हे. त्याचं असं झालं, की रिटायर झाल्यावर काकांनी आधी घरातल्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घातलं. दारं संपली तेव्हा ते स्वयंपाकघराकडे वळले आणि कुकर वेळेवर शिट्टी देत नाही असं मत त्यांनी मांडलं. त्याच दिवशी काकूंनी मुलाला फोन लावला, की तुझ्या बापाला काहीतरी काम दे, नाहीतर मीच नोकरी शोधते. मुलगा वर्षभरासाठी दुसऱ्या शहरात कामाला होता, सून मात्र नोकरीमुळे इथेच सासूसासऱ्यांकडे राहिली होती. कॉलेजात असताना त्याने एकेक भाग जमवून गेम खेळायचा मोठा कॉम्प्युटर जोडला होता, तो मागच्या खोलीत इस्त्रीच्या टेबलाशेजारी धूळ खात पडला होता. सुट्टीला आल्यावर त्याने तो पुसला, त्यात ट्रक चालवायचा एक गेम घातला, टेबलाला स्टिअरिंग लावलं, खाली पेडल ठेवली, आणि बाबांना म्हणाला, बसा.

काकांनी नाक मुरडलं. पोरांचं खेळणं आहे म्हणाले. मग बसले. मग जेवायला उठेनात.

हळूहळू ही लागण डेपोतल्या जुन्या मंडळींना झाली. कुणी नातवाचा कॉम्प्युटर बळकावला, कुणी जावयाचा. आता दर रविवारी सकाळी सहा म्हातारे आपापल्या घरी कानाला हेडफोन लावून बसतात आणि सहा ट्रकांची रांग पडद्यावरच्या रस्त्यांनी निघते. सगळ्यात पुढे लोणीकाका, त्याबद्दल कधी चर्चासुद्धा झाली नव्हती. सगळ्यात मागे त्यांचा जुना कंडक्टर. हा गृहस्थ आयुष्यभर काकांच्या बसमध्ये तिकिटं फाडत राहिला, स्वतः स्कूटरपलीकडे काही चालवलं नाही, त्यामुळे त्या गेममधला असा एक खड्डा नाही जिथे त्याचा ट्रक जाऊन आलेला नाही. आणि मध्ये एक होते एक्सप्रेस. थांबे गाळून वेळेआधी पोचायचे म्हणून एक्सप्रेस. त्यांचा डोळा कायम पुढच्या जागेवर.

तर अशाच एका रविवारी रांग बंदराच्या गावात शिरली आणि काकांच्या पडद्याला उचकी लागली. म्हणजे चित्र क्षणभर थांबायचं आणि मग एकदम पुढे उडी मारायचं. वळण आलं म्हणून काकांनी स्टिअरिंग वळवावं, तर ट्रक जागचा हलू नये, आणि हलला की थेट फुटपाथवर. त्या दिवशी काकांनी एक दिव्याचा खांब पाडला. हेडफोनमध्ये एक्सप्रेसचा आवाज आला, "काय रे लोण्या, आज फ्रीजमधून काढलंय वाटतं?"

सगळे हसले. काकाही हसले. पण नंतर हेडफोन काढून ते बराच वेळ आपले हात उलटेपालटे करून बघत बसले.

कारण काकांच्या डोक्यात एक गोष्ट पक्की होती. डेपोत नवी पोरं शिकायला यायची तेव्हा ते सांगायचे, गाडी कधी हिसका देत नाही, हिसका चालवणाऱ्याच्या पायात असतो. आयुष्यभर दुसऱ्यांना पाजलेलं औषध आता स्वतःच्या घशात आलं. पडदा अडकतो असं त्यांच्या मनात क्षणभरही आलं नाही. त्यांना वाटलं, आपलंच काहीतरी हुकतंय. डोळे तरी मिटतात, नाहीतर डोकं तरी. आणि पडद्यावर हुकत असेल, तर खऱ्या रस्त्यावर का नाही हुकणार? दारात त्यांची जुनी चारचाकी उभी होती. रोज बायकोला घेऊन ते कुठे ना कुठे जायचे. शेजारी बायको बसलेली असताना असा एक क्षण हुकला तर?

हे कुणाला सांगतील तर ते काका कसले. ते गप्प बसले आणि चालायला लागले. मेहुणीकडे जायचं? चालत जाऊ, तब्येतीला चांगलं. बाजारात जायचं? चालतच. काकूंनी दोन दिवस कौतुक केलं, तिसऱ्या दिवशी त्यांचे गुडघे बोलायला लागले. वर गाडी न्यायचीच असेल तर सून चालवेल असं काका म्हणू लागले. सून गुणाची, पण तिचा ब्रेक असा, की काकूंच्या मते तिच्या गाडीतून उतरलं की आपले सगळे अवयव जागेवर आहेत ना, हे तपासून घ्यावं लागतं.

मग काका डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन आले. घरी सांगितलं, पोस्टात गेलो होतो. डॉक्टर म्हणाला वयाच्या मानाने नजर उत्तम आहे. पण आपण मनात एकदा ठरवलं की डॉक्टर तरी काय करणार? डोळे चांगले म्हणजे हात वाईट, असा हिशोब काकांनी लावला. आणि एका दुपारी काकू झोपेतून उठल्या त्या स्वयंपाकघरातल्या आवाजाने. बघतात तर काका चमचे हातातून सोडताहेत आणि जमिनीवर पडायच्या आत झेलताहेत. झेलताहेत म्हणजे, सहातले चार.

"हे काय चाललंय?" काकूंनी विचारलं.

काका म्हणाले, चमचे मोजतोय.

"लग्नातले आहेत ते. मोजायचे होते तर तेव्हाच मोजायचे."

पण काकू काही दुधखुळ्या नव्हत्या. त्यांनी कंडक्टरला फोन केला, त्याच्याकडून रविवारचा सगळा वृत्तांत काढून घेतला आणि मुलाच्या कानावर घातला. मुलाने बापाला फोन करून नीट विचारलं, नेमकं दिसतं कसं? चित्र थांबतं का? उडी मारतं का? काकांनी चोरी कबूल करावी तसं सगळं सांगितलं, तर पलीकडे मुलगा चक्क खूश झाला. म्हणाला, बाबा, तुम्हाला काही झालेलं नाही, कॉम्प्युटर अडखळतोय. पडदा सेकंदाला साठ चित्रं दाखवतो तेव्हा आपल्याला ते सलग दिसतं, आणि चित्रं कमी पडली की असे हिसके बसतात. तुम्ही अलीकडे काही बदललंत का त्यात?

काका म्हणाले, काही नाही बदललं. अगदी प्रामाणिकपणे म्हणाले.

मुलाने फोनवरून सांगत पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा लावून दिला, किती चित्रं येताहेत ते दाखवणारा. मोकळ्या रस्त्यावर तो पन्नासच्या पुढेमागे नाचायचा आणि गावात शिरलं की धाडकन बावीसवर. मग सुरू झाले उपाय. आधी मागे उघडी राहिलेली सगळी कामं बंद केली. त्यात काकूंचे विणकामाचे इतके व्हिडिओ उघडे निघाले की त्यातून अख्ख्या गल्लीला स्वेटर झाले असते. आकडा हलला नाही. मग कॉम्प्युटरची पेटी उघडून साफ केली. आतून एवढा मऊ धुळीचा गोळा निघाला, की काकूंना आधी मांजर वाटलं. पंखे छान फिरू लागले, तापमान उतरलं, बावीस ते बावीसच. मग मुलाने फोनवरून सांगितलं की ग्राफिक्स कार्डचा, म्हणजे चित्रं काढणाऱ्या भागाचा, ड्रायव्हर जुना झालाय, तो बदलू या. फोन स्पीकरवर होता. काकूंनी मागून आवाज दिला, "इथलाही जुना झालाय, पण मी म्हटलंय का कधी बदला म्हणून?" काका तेवढ्यापुरते हसले. ते कार्डाचं प्रकरणही करून झालं, गेम पुसून पुन्हा घातला, आणि आतला काकांचा सगळा संसार, किलोमीटर, बक्षिसं, बैठक, जसाच्या तसा परत आला. हिसकेही त्याच्याबरोबर परत आले.

शेवटी पेटी दुकानात नेली. दुकानदाराने ती ठेवून घेतली, आपल्याकडचे चार भारी गेम तिच्यावर चालवून बघितले आणि परत देताना म्हणाला, "मशीन एकदम ठणठणीत आहे, काका. आता चालवणाऱ्याचंच बघायला हवं."

तो बिचारा गमतीने म्हणाला. पण काकांना वाटलं, निकाल लागला. त्यांच्या मनात होतंच, की नाचता येईना अंगण वाकडं असं आपण किती दिवस म्हणायचं. अंगण तर सगळ्यांनी तपासलं. सरळ निघालं.

शनिवारी सकाळी सुनेला सुट्टी होती. ती चहा पीत बसली होती तेव्हा काकांनी गाडीची किल्ली तिच्या बशीशेजारी आणून ठेवली. म्हणाले, ही आता तुझ्याकडेच असू दे, मला काय, चालायला आवडतं. आणि उद्यापासून पुढची जागा एक्सप्रेसला देतोय. तो मागेच लागलाय, म्हातारपणी कशाला कुणाचं मन मोडायचं.

सुनेने किल्लीकडे बघितलं, मग त्यांच्याकडे. ही सून फिजिओथेरपिस्ट. दिवसभर तिच्याकडे लोक येतात आणि सांगतात की खांदा दुखतो, आणि ती त्यांना म्हणते सांगू नका, तो डबा वरून काढून दाखवा. कारण माणूस सांगतो एक आणि त्याचं अंग करतं भलतंच, हे तिला रोजच्या कामाने माहीत झालेलं. तिने किल्लीला हात लावला नाही. म्हणाली, "बाबा, मला एकदा चालवून दाखवा."

काका म्हणाले, त्यात बघण्यासारखं काय राहिलंय?

"तुम्हाला बघते ना. पडदा सगळ्यांनी बघून झालाय."

मग मागच्या खोलीत काका स्टिअरिंगवर बसले आणि सून पडद्याकडे पाठ करून, इस्त्रीच्या टेबलाला टेकून, त्यांच्याकडे तोंड करून उभी राहिली. काकूही आल्या, कारण घरात काही चाललंय आणि त्या बाहेर आहेत असं कधी होत नाही. काकांनी बैठक नीट केली, पाठ टेकली, मान एकदा डावीकडे नेली, एकदा उजवीकडे, आणि निघाले. मोकळ्या रस्त्यावर बरं चाललं. बंदराच्या गावात शिरले आणि उचक्या सुरू झाल्या.

सून त्यांचे हात बघत राहिली. मग म्हणाली की तुमचे हात तर आधीच वळताहेत. सासूबाईंना विचारा. मी हात बघतेय आणि त्या पडदा बघताहेत. मी 'आता' म्हणते तेव्हा हात वळलाय, आणि त्यांना ट्रक वळलेला दिसतो तो नंतर. असं त्यांनी तीनचार वळणांवर करून बघितलं. सुनेने 'आता' म्हणायचं, काकूंनी 'वळला' म्हणायचं. मध्ये दर वेळी एक फट.

"अहो, हात वेळेवर आहेत तुमचे," काकू म्हणाल्या. "ट्रकच आळशी आहे."

काकांनी मान हलवली, पण त्यांचा विश्वास अजून बसला नव्हता. सून मात्र पुढे झाली होती. तिला अजून एक गोष्ट दिसली होती. काका दर थोड्या वेळाने डावीकडे बघायचे, मग उजवीकडे, आणि त्यांनी बटण दाबून तिकडे नजर फिरवली की काकू हमखास म्हणायच्या, बघ, अडकला. तिने विचारलं की तुम्ही सारखं बघता काय तिकडे?

"आरसे," काका म्हणाले. हे काय विचारणं झालं, अशा आवाजात.

सून म्हणाली, जरा वेळ आरशात न बघता चालवा.

काकांनी ट्रक कडेला घेतला, हँडब्रेक ओढला आणि तिच्याकडे असं बघितलं, जसं काही तिने त्यांना उघड्यावर अंघोळ करायला सांगितली. आरशात न बघता गाडी चालवायची? माणूस आंधळा झाला तरी चालेल, पण आरसे हवेत. मग ते तिला मोठ्या मायेने समजावू लागले, की पुढे चालणाऱ्याला शेवटची गाडी दिसली पाहिजे. हे हिसके सुरू व्हायच्या आधी एका रविवारी कंडक्टरचा ट्रक मागे चिखलात बसला आणि काकांना ते पुढच्या गावापर्यंत कळलं नाही. एवढी लाज वाटली त्यांना, की त्याच दुपारी त्यांनी गेममधलं आरशाचं पान शोधून काढलं. डावीकडे दोन आरसे, उजवीकडे दोन, एक खाली चाकाजवळचा, एक पुढच्या काचेवरचा, आणि वर पडद्याच्या कोपऱ्यात तरंगणारे आणखी दोन. प्रत्येकात किती लांबचं दिसावं आणि किती स्वच्छ दिसावं याची एकेक पट्टी होती. काकांनी सगळ्या पट्ट्या उजव्या टोकाला नेऊन ठेवल्या. तेव्हापासून त्यांना आरशात मागच्या टेकडीवरच्या घरांच्या खिडक्यासुद्धा दिसायच्या.

"मग बाबा, फोनवर तो विचारत होता तेव्हा सांगितलं का नाहीत, हे बदललं म्हणून?"

"बदललं कुठे? आरसे लावले." काका म्हणाले. "गाडीत बसल्यावर आरसे लावणं म्हणजे काय बदल झाला का?"

सुनेने तिथूनच नवऱ्याला फोन लावला आणि आरशांची यादी वाचून दाखवली. पलीकडून हसण्याचा आवाज आला. हसू आवरल्यावर मुलाने समजावलं. बाबा, कॉम्प्युटरला आरसा नावाची वस्तू माहीत नाही. तुम्ही एक आरसा लावला की तो तेच गाव दुसऱ्यांदा काढतो, मागून. तुम्ही आठ लावलेत. म्हणजे तो बिचारा नऊ गावं एकदम काढतोय, प्रत्येक खिडकीसकट, सेकंदाला साठ वेळा. दुकानदाराने दुसरे गेम चालवले, त्याला कसं कळणार? आणि मोकळ्या रस्त्यावर मागे नुसतं रान असतं, म्हणून तिथे निभावतं.

काकू म्हणाल्या, बरोबरच आहे, एका बाईला एकाच वेळी नऊ घरचा स्वयंपाक सांगितला तर तीही अडखळेल.

पट्ट्या डावीकडे आणायच्या ठरल्या, पण काकांच्या हातून ते होईना. एक पट्टी सरकवली, थांबले. सुनेने हलकेच माऊस घेतला. तरंगणारे दोन आरसे काढले, चाकाजवळचा काढला, काचेवरचा काढला, बाकीच्यांत जवळचं तेवढं दिसेल असं ठेवलं. मग म्हणाली, आता चला.

काका बंदराच्या गावात शिरले. कोपऱ्यातला आकडा साठवर होता. पहिलं वळण आलं, स्टिअरिंग वळलं, ट्रक वळला. दुसरं आलं, तेही. गोदीच्या अरुंद रस्त्यावरून तो एवढा मोठा ट्रक असा गेला, की काकू नकळत खुर्चीवर टेकल्या आणि विणकाम घेऊन बसल्या. काकांनी अख्खं गाव एकदा फिरून परत तिथेच आणला ट्रक, आणि मग खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. चष्मा स्वच्छच होता, पण ते असू दे.

एक अडचण राहिली. आता त्यांना शेवटची गाडी दिसत नव्हती. आरशात पाचवा ट्रक ठिपक्याएवढा, त्यामागे धुकं. रविवारी सकाळी सगळे जमल्यावर काकांनी हेडफोनमध्ये घसा खाकरला आणि जे कधी सांगितलं नव्हतं ते सांगून टाकलं: मला मागचं दिसत नाही. एक्सप्रेस लगेच म्हणाले, की दिसत नसेल तर मी येतो पुढे, त्यात काय लाजायचं.

काका म्हणाले, "तू जिथे आहेस तिथेच ये. मागचं बघायला माझा माणूस आहे."

मग त्यांनी कंडक्टरला विचारलं, तू शेवटी असतोस, सगळ्यांची ढुंगणं तुला दिसतात, तर तू मला सांगत राहशील का? कंडक्टर म्हणाला, आयुष्यभर दुसरं काय केलं मी? आणि तेव्हापासून त्याचं तोंड बंद नाही. चौथा मागे पडलाय. एक्सप्रेसने सिग्नल तोडला, मी बघितलं. तिसऱ्याचा दिवा लागत नाही. मी थोडा गवतात गेलोय, पण येतोय, येतोय, थांबू नकोस. काकांना आरशात जेवढं दिसायचं त्याच्या चौपट बातम्या येऊ लागल्या, आणि त्यातल्या निम्म्या कुणाच्या सुनेने काय केलं याच्या.

बंदराच्या गावातल्या शेवटच्या वळणावर काकांचं मागचं चाक फुटपाथला लागलं आणि ट्रकला चांगला दणका बसला. एक्सप्रेस काही बोलायच्या बेतात होते. काकांनी कोपऱ्यातला आकडा बघितला. साठ. एकही कमी नाही.

"हा माझा बरं का," ते म्हणाले. "वळण लवकर घेतलं." आणि एवढं खळखळून हसले, की काकू हातातलं विणकाम घेऊन दारात आल्या.

त्या दिवशी संध्याकाळी मेहुणीकडे जायचं होतं. काकू सवयीने चालायच्या चपला घालून तयार झाल्या. काकांनी टेबलावरून किल्ली उचलली, गाडी बाहेर काढली, शेजारचं दार उघडून धरलं. मग आत बसून त्यांनी डावा आरसा लावला, उजवा लावला, मधला लावला, पुन्हा डावा लावला.

"अहो, निघा आता," काकू म्हणाल्या. "ती जेवून झोपेल."